पोस्टकार्डवरून नातीपर्यंत – माझा अनुभव

आमच्या घरातलं भांडण घरावरूनच आहे. सोलापुरात उत्तर कसब्यातला आमचा जुना वाडा विकून पुण्यात फ्लॅटसाठी पैसे द्या असं मुलाचं म्हणणं, आमचे हे म्हणाले मी जिवंत असेपर्यंत नाही, मग शब्दाला शब्द वाढत गेला आणि शेवटी मुलानं आम्हा दोघांचेही नंबर ब्लॉक करून टाकले. कोण बरोबर कोण चूक ते सोडा, त्यावर लिहीत बसले तर रात्र पुरायची नाही. माझा जीव अडकला होता तो नातीत. पहिलीत आहे, तिचं कुणाशीच भांडण नाही, आणि तिला मात्र आज्जी अचानक फोन का करत नाही तेही कळत नसणार.

अशा वेळी सल्ला देणारे भरपूर भेटतात बघा. एक म्हणाले प्रांत ऑफिसात ज्येष्ठ नागरिकांचा अर्ज टाका, मुलगा सुतासारखा सरळ येतो. तसं नसतं हो. तो 2007 चा कायदा आहे पोटगी आणि मालमत्तेसाठी, नातवंडाची भेट त्यात बसत नाही. मग मी कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, हे आपल्याकडं कितीतरी जणींना माहीतच नाही. टोल फ्री नंबर पण आहे 15100.

तिथल्या वकीलबाईंनी नीट समजावून सांगितलं. आजी-आजोबांना नातवंडाला भेटायचा हक्क आहे असं सरळ लिहिलेलं कलम नाही, पण कोर्टाकडं भेट मागता येते, कोर्ट बघणार ते लेकराचं हित कशात आहे ते. अर्ज करायचा तर 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली, आणि तो मूल जिथं राहतं तिथल्या कोर्टात, म्हणजे सोलापुरात नाही, पुण्यात. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये एका निकालात व्हिडिओ कॉलवरच्या भेटीबद्दल चांगलं लिहिलंय म्हणाल्या, पण ती केस वेगळ्या झालेल्या आईबापांमधली होती. केस न करता मध्यस्थी पण करता येते, तिला पैसे लागत नाहीत, फक्त समोरचा राजी पाहिजे. शेवटी त्यांनीच मला विचारलं, काकू, नोटीस गेल्यावर तुमचा मुलगा दार उघडेल का अजून एक कडी लावेल? मी माझा मुलगा ओळखते. कागद फाईलला लावून घरी आणले, अजून कपाटात आहेत.

यांना हे पटलंच नाही. आपलं रक्त, परवानगी कसली मागायची, असं यांचं. माझं मत आहे की लहान लेकराकडं जायचा रस्ता आईबापाच्या उंबऱ्यावरनंच जातो. कुणी म्हणालं शाळेच्या गेटवर जाऊन भेटून या, कुणी म्हणालं पोरीला गुपचूप मोबाईल द्या. सहा वर्षांच्या पोरीला आईपासून लपवायला शिकवायचं का आता?

विहीणबाई बार्शीच्या. त्यांच्याशी आमचं कधीच वाकडं नव्हतं. त्यांना फोन केला, म्हटलं ताई वाड्याचं काही बोलायचं नाही, फक्त सूनबाईला एवढं विचारा की मी चिमीला पत्र टाकलं तर चालेल का. त्या थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या विचारते की, पण मधे मला काही बोलायला लावू नका. तेवढंच पाहिजे होतं. चार दिवसांनी निरोप आला, चालेल, पण कार्डच पाठवा म्हणावं.

सूनबाई हुशार आहे. पोस्टकार्ड उघडं असतं, कोणीही वाचावं, लपवाछपवी नाही. पन्नास पैशाला मिळतं अजून. अर्धी बाजू पत्त्यात जाते आणि पोरगी इंग्रजी मीडियमची, मराठी अक्षरं लावत लावत वाचणार, म्हणून मोठ्या अक्षरात पाच-सहा ओळी लिहायच्या. शेंगाची चटणी कुटताना मांजर खलबत्त्यात तोंड घालायला आलं, असलं काहीतरी. तू कधी येणार, तुझी आठवण येते, बाबांना सांग, यातलं एक अक्षर नाही. हे एकदा डोकावून म्हणाले काय करलालीस, तेवढं लिही की आजोबा वाट बघतात म्हणून. नाही लिहिलं. ते वाचून पोरगी बापाला विचारणार, बाप चिडणार आणि कार्ड बंद.

मधे एकदा तिच्या नावानं पैसे टाकावे म्हणून सुकन्याचं खातं काढायला गेले तर पोस्टात नाही म्हणाले. ते खातं आईवडील किंवा कायदेशीर पालकच काढू शकतात. आजी-आजोबांनी काढलेली जुनी खाती पण 2024 पासून पालकांच्या नावावर करायला लावलीत म्हणे. मग माझ्याच नावावर पाच वर्षांची आरडी काढली आणि नॉमिनी म्हणून तिला लावलं. ती लहान आहे म्हणून एका मोठ्या माणसाचं नाव द्यावं लागतं, तिथं मी सूनबाईचं दिलं. यांना अजून सांगितलेलं नाही!

बरीच कार्डं गेल्यावर एक दिवस चिमीचं उत्तर आलं. मांजराचं चित्र, सहा पाय, आणि खाली ‘आजी मांजराचे नाव काय’. नाव ठेवलंच नव्हतं हो आम्ही. ते कार्ड यांनीच चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मांजराचं नाव काय ठेवायचं त्यावर आमचं परत भांडण.

संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी सूनबाईचा स्वतःहून व्हिडिओ कॉल आला, चिमीला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत उभ्या धरून नेतात त्या उंच काठ्या, बघायचेत म्हणून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी मोबाईल उंच धरला, गर्दीत ढकलाढकली, ‘एकदा भक्तलिंग हर्र’चा गजर, आणि ती तिकडनं ओरडतेय, आज्जी ते पांढरे कपडेवाले काका पडणार नाहीत ना? म्हटलं अगं बाराबंदी म्हणतात त्या कपड्यांना, आणि सात नंदीध्वज आहेत, मोजत राहा. पाचव्यापर्यंत मोजलं आणि नेटवर्क गेलं.

त्यानंतर रविवारी सकाळी कॉल असतो, सूनबाईच्याच फोनवर, कधी दहा मिनिटं कधी दोनच. मुलगा अजून बोलत नाही. वाड्याचं आहे तिथंच आहे, आणि मी तो विषय रविवारी काढत नाही. कॉल सुरू झाले तरी कार्ड बंद केलेलं नाही, कारण पोरगी आता ती डब्यात जमवते म्हणे. आणि कुणाला पाठवायची असतील तर हेड पोस्टातनं एकदम वीस-पंचवीस घेऊन ठेवा, दर वेळी सुट्ट्या पैशांवरनं वाद नको.