अध्यक्षांच्या सहीखालची झाकलेली ओळ

‘जेम्स ब्युकॅननची सही आहे’ असं सांगत लोक आमच्या कॉलेजच्या अभिलेखागारात जे जुने दस्त घेऊन येतात, त्यांत सगळ्यात जास्त असतात जमिनीच्या सनदा. पत्रं फार थोडी. ब्युकॅनन हा अमेरिकेचा १५वा अध्यक्ष आणि पेनसिल्व्हेनियात जन्मलेला पहिला, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत त्याच्या नावाचं काही ना काही जपलेलं असतं. आपल्याकडे मीरतला उठाव झाला त्याच्या दोन महिने आधी, ४ मार्च १८५७ला, त्याने शपथ घेतली. चार वर्षांनी पायउतार झाला तेव्हा सात राज्यं संघातून फुटलेली होती. इतिहासकार त्याला अध्यक्षांच्या यादीत तळाशी बसवतात. त्याच्या राज्यातली जुनी घराणी मात्र त्याचं नाव भिंतीवर लावतात.

आमचा संग्रह लहान आहे आणि त्याला कारण आहे. १९७८च्या कायद्याआधी अध्यक्षांचे कागद ही त्यांची खासगी मालमत्ता मानली जायची. ब्युकॅननच्या कागदांचा मोठा भाग फिलाडेल्फियाच्या हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियाकडे आहे. त्याचे आणि त्याची भाची हॅरिएट लेन हिचे काही कागद वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. तो १८०९ साली पदवीधर झाला ते कार्लाइलचं डिकिन्सन कॉलेज आपला वाटा सांभाळून आहे. उरलं ते घराघरांत विखुरलं, आणि तेच आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांकडे देणगी म्हणून येतं. म्हणून आमचं खरं काम दुर्मीळ वस्तू मिळवण्याचं नाही. आलेली वस्तू नेमकी काय आहे हे खात्रीने सांगता येणं, हे आमचं काम.

त्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई लाकडी फ्रेम घेऊन आल्या. आत चर्मपत्रावरची सनद, साधारण २५ × ४० सेंमी. भोवती क्रीम रंगाचा माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, आणि तळाशी, माउंटच्या कडेला अगदी टेकून, ‘जेम्स ब्युकॅनन’ ही अक्षरं. घरात चालत आलेली हकीकत अशी होती की, ब्रिटनविरुद्धच्या १८१२च्या युद्धात त्यांच्या पूर्वजाने पराक्रम केला, म्हणून अध्यक्षांनी स्वतः सही करून त्याला ही शेतजमीन दिली. आणि ती जमीन म्हणजे गावाबाहेरचं त्यांचंच शेत.

अशी वस्तू आली की आधी तात्पुरत्या ताब्याची पावती. दानपत्र नंतर. देणगीदाराला बाजारभाव आम्ही सांगत नाही, सांगूही नये. ५,००० डॉलरवरच्या देणगीची करवजावट घ्यायची तर स्वतंत्र मूल्यांकन लागतं, आणि ज्या संस्थेला वस्तू मिळते तिने ते करायचं नसतं. मग फ्रेमचे पुढून-मागून फोटो. फ्रेम उघडायच्या आधी फोटो काढले नाहीत, तर काय कुठे चिकटवलेलं होतं हे नंतर कुणालाच आठवत नाही.

फ्रेम जाड फेल्टवर पालथी घातली. मागचा खाकी कागद कडेने कापला, त्यावरचं फ्रेमवाल्याचं लेबल वेगळं काढून पाकिटात ठेवलं. फ्रेम कधी आणि कुठल्या गावात झाली याचा तेवढाच पुरावा असतो. फळी बारीक खिळ्यांनी ठोकलेली होती. खिळे पक्कडीने सरळ ओढायचे. पेचकस घालून उचकटलं की टोक आत घुसतं आणि चर्मपत्र फाटतं. फळी पाइनची, गाठींच्या जागी राळ झिरपून सनदेच्या पाठीवर पिवळे डाग पडलेले. काचेला काही चिकटलेलं नाही ना, हे बाजूने टॉर्चचा तिरका उजेड टाकून पाहिलं. चिकटलेलं असतं तर तिथेच थांबून काम संवर्धकाकडे पाठवावं लागलं असतं.

वरच्या कडेला सरसाचे थेंब होते. इथे पाण्याचा बोळा लावायचा मोह बहुतेकांना होतो आणि तिथेच नुकसान होतं. चर्मपत्र म्हणजे ताणून वाळवलेलं कातडं. जुन्या, झिजलेल्या चर्मपत्राला पाणी लागलं की ते जागच्या जागी जिलेटिनसारखं विरघळायला लागतं आणि वाळताना आक्रसतं. इस्त्री तर मुळीच नाही. सरस ठिसूळ झालेला होता, म्हणून पातळ स्पॅच्युला सपाट धरून कोरडाच सोडवला. जो सुटेना तो तसाच राहू दिला.

मग माउंट उचलला.

खिडकीच्या आतला भाग पिवळट झालेला आणि शाई फिकट तपकिरी. माउंटखालची पट्टी मात्र स्वच्छ, तिथली शाई अजून काळीभोर. आणि त्या पट्टीत, ब्युकॅननच्या नावाखाली, आणखी एक ओळ होती: ‘हस्ते’, मग एक वेगळंच नाव, मग ‘सचिव’. दहापट भिंगाखाली पाहिलं तर वरचं अध्यक्षांचं नाव आणि खालचं सचिवाचं नाव, दोन्हींचं वळण एकच, टाकाचा दाब एकच. वरचं नाव उजेडात राहून फिकटलं, खालचं झाकलं गेल्याने टिकलं, एवढाच फरक.

फ्रेमवाल्याने हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. खालची ओळ झाकली की चौकट समतोल दिसते. पण त्या दीड सेंटिमीटरच्या पट्टीमुळे घरातल्या पिढ्यांनी एका सचिवाची सही अध्यक्षांची म्हणून पाहिली.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सुरुवातीच्या अध्यक्षांना प्रत्येक सनदेवर स्वतः सही करावी लागायची. पश्चिमेकडची जमीन झपाट्याने विकली जाऊ लागली तशा हजारो सनदा सहीविना तुंबल्या. म्हणून २ मार्च १८३३ला, अँड्र्यू जॅक्सनच्या काळात, कायदा झाला: सनदांवर अध्यक्षांचं नाव घालायला वेगळा सचिव नेमावा. छापील मायना मात्र बदलला नाही. ‘माझ्या हाताने दिली’ हे शब्द पुढेही तसेच छापले जात राहिले. तेव्हा त्या तारखेनंतरच्या जमिनीच्या सनदेवर अध्यक्षांची स्वतःची सही आहे असं कुणी म्हणालं की आधी खालची ओळ शोधायची. ब्युकॅननच्या खऱ्या सह्या मिळतात त्या लष्करी हुद्द्यांच्या नेमणूकपत्रांवर, माफीपत्रांवर, परराष्ट्रमंत्र्याला राजमुद्रा उठवायला सांगणाऱ्या आदेशांवर, आणि अर्थात पत्रांवर. शिक्का पाहिला तरी पुष्कळ कळतं. आमच्या सनदेवर कागदी चकतीवर दाबून उठवलेली मुद्रा जनरल लँड ऑफिसची होती, म्हणजे जमीन खात्याची.

सरकारी संकेतस्थळावर अशा सनदांच्या प्रतिमा फुकट पाहायला मिळतात. लोक त्या उघडतात, घरच्या सनदेशी सही ताडून पाहतात, जुळत नाही म्हणून घाबरतात. किंवा जुळली असं वाटून खूश होतात. दोन्ही व्यर्थ. ती प्रतिमा वॉशिंग्टनला ठेवलेल्या नोंदवहीतल्या नकलेची असते. त्या वहीतली सगळीच नावं, अध्यक्षांचं धरून, नक्कल करणाऱ्या कारकुनाच्या हातची. तिच्यावरून जमिनीचा तपशील ताडावा, हस्ताक्षर नव्हे.

तारखेची एक तपासणी मला फार आवडते, कारण तिला कुठलंच उपकरण लागत नाही. सनदेत इसवी सनाबरोबर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं कितवं वर्ष तेही अक्षरी लिहिलेलं असतं. आमच्या सनदेवर एप्रिल १८६० आणि ‘चौऱ्याऐंशीवं वर्ष’ होतं. पहिलं वर्ष ४ जुलै १७७६ला सुरू झालं, तेव्हा चौऱ्याऐंशीवं ४ जुलै १८५९ला सुरू होऊन पुढच्या ३ जुलैला संपतं. एप्रिल त्यात बसतो. तारीख त्याच सालच्या ऑगस्टची असती तर पंच्याऐंशीवं हवं होतं. बनावट दस्त करणारे इथे हमखास घसरतात.

आता मजकूर. घडीवर आलेल्या मधल्या दोन ओळी इतक्या पुसट झाल्या होत्या की साध्या डोळ्यांना फक्त सावली दिसत होती. ही शाई मायफळ आणि हिराकस यांची. फिकटली तरी तिच्यातलं लोह चर्मपत्रात राहतं. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली चर्मपत्र निळसर उजळतं आणि शाई तो प्रकाश शोषून घेते, त्यामुळे पुसट अक्षरं गडद दिसतात. डोळ्यांवर चष्मा, खोलीत अंधार, आणि दिवा लागेल तेवढाच वेळ, कारण हाच प्रकाश शाईचं नुकसानही करतो. बघत बसायचं नाही, फोटो काढायचा आणि वाचन पडद्यावर करायचं.

आमच्याकडे अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थिनीने ते वाचलं, आणि घरची हकीकत दुसऱ्यांदा उलटली. ३ मार्च १८५५च्या कायद्याने १७९०नंतरच्या युद्धांत किमान १४ दिवस सेवा केलेल्या शिपायांना, ते हयात नसतील तर त्यांच्या विधवांना, १६० एकरांपर्यंत जमिनीचा हक्क मिळत होता. त्याचा कागद म्हणजे वॉरंट; ते जमा केलं की जमीन आणि तिची सनद मिळायची. सनदेत नोंदलेलं वॉरंट होतं पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियातल्या, म्हणजे नागरिकांच्या राखीव सैन्यातल्या, एका शिपायाच्या विधवेच्या नावे. तिने ते दुसऱ्याला विकलेलं. तो विकत घेणारा म्हणजे या बाईंचा पूर्वज. त्या काळी सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर, म्हणजे १६० एकरांना २०० डॉलर, आणि बाजारात वॉरंट त्याहून स्वस्तात मिळायचं. पूर्वजाने लढाई केली नव्हती. त्याने चांगला व्यवहार केला होता.

आणि जमीन पेनसिल्व्हेनियातली असूच शकत नव्हती. मूळच्या तेरा राज्यांतली पडीक जमीन संघ सरकारची नव्हतीच, त्या त्या राज्याची होती. तिथे संघाची सनद निघत नाही. आमच्या सनदेवर ‘फोर्ट डॉज इथलं जमीन कार्यालय’ आणि टाउनशिप, रेंज, सेक्शन (सरकारी मोजणीतले जमिनीचे चौकोन), त्यातला नैर्ऋत्य चतकोर असा पत्ता होता. म्हणजे आयोवा. ६४० एकरांचा एक सेक्शन, त्याचा चौथा हिस्सा १६०.

बाईंना हे सगळं टेबलावर सनद समोर ठेवूनच सांगितलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे हे खोटं आहे?”

“अजिबात नाही. सनद अस्सल आहे, शिक्का अस्सल आहे, तारीख बरोबर आहे. सही अध्यक्षांच्या हातची नाही, आणि जमीन वेगळ्या राज्यातली आहे.”

त्या बराच वेळ भिंगातून खालची ओळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, “त्या विधवेचं नाव पुन्हा वाचून दाखवा.”

आमच्यात वाद झाला तो नंतर. अध्यक्षांच्या हातचं अक्षरही नसलेली वस्तू ब्युकॅनन संग्रहात ठेवावी का? काही सहकाऱ्यांच्या मते नको. माझं मत ठाम होतं की ठेवावी. अध्यक्ष हे पद रोजच्या रोज कसं चालायचं, कुणाच्या हातांनी चालायचं, हे अशा दस्तातूनच दिसतं. अट एकच, वर्णन खरं असावं. कित्येक जुन्या सूचींत अशा सनदांपुढे सरसकट ‘ब्युकॅनन यांची सही’ असं लिहून ठेवलेलं असतं, आणि मग एकाची सूची पाहून दुसरा तेच उतरवतो. आम्ही लिहिलं: ‘जमिनीची सनद, चर्मपत्र, छापील मायना व हस्तलिखित तपशील, अध्यक्षांचं नाव सचिवाच्या हस्ते, जनरल लँड ऑफिसची मुद्रा.’ शोधसूचीत तीन नावं घातली, अध्यक्षांचं, विकत घेणाऱ्याचं आणि त्या विधवेचं. कुणी तिच्या घराण्याचा शोध घेत असेल, तर तो ‘ब्युकॅनन’ या शब्दाने कशाला शोधेल?

ठेवणीचं थोडं सांगतो. हिवाळ्यात इमारतीत हीटर लागले की आर्द्रता २० टक्क्यांवर येते आणि चर्मपत्र भर उन्हातल्या पापडासारखं कडेने वळतं. म्हणून सनद आधी ४५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत आठवडाभर नुसती राहू दिली. बारीक सुरकुत्या उरल्या, त्या उरू दिल्या. फोल्डर आम्लमुक्त, पण त्यात अल्कलीचा साठा न मिसळलेला. तो साठा कागदाला चांगला, कातड्याला नको. पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी टाळली, कारण तिच्यातली स्थिर वीज सुटू पाहणारी शाई ओढून घेते. चर्मपत्रावर शाई आत मुरत नाही, वर बसलेली असते. आडव्या सपाट बॉक्समध्ये, वर वजन नाही. प्रदर्शनात मांडायची तर ५० लक्स उजेड, आणि तीन महिन्यांनी परत अंधारात.

४०० पीपीआयच्या (दर इंचाला ४०० बिंदू) प्रतिमा काढल्या, साध्या आणि अतिनील दोन्ही. साध्या प्रतिमेचा पूर्ण आकाराचा छाप बाईंना जुन्याच फ्रेममध्ये घालून दिला. माउंट नवा कापून घेतला, खालची ओळ दिसेल असा. दानपत्रावर सही करताना त्यांनी एकच विनंती केली: राष्ट्रीय अभिलेखागारात या जमिनीची फाइल असेल, त्यात परत जमा झालेलं मूळ वॉरंट असतं असं तुम्ही म्हणालात, तर त्याची नक्कल मागवा. अर्ज भरताना राज्य, जमीन कार्यालय, कायद्याची तारीख, वॉरंटचा क्रमांक आणि एकर एवढं अचूक लागतं. ते सगळं सनदेवरच होतं. अर्ज त्याच दुपारी गेला.