करडा रंग निळा का दिसला

दोन वर्षांपूर्वी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसून मी संध्याकाळचे एक चित्र काढले. पिवळा, लाल, पांढरा आणि काळा एवढेच पोस्टर रंग बरोबर होते. निळ्याची बाटली घरीच राहिली होती. तरीही चित्र पुरे झाले तेव्हा घाटाच्या दगडी पायऱ्यांवरची सावली चक्क निळसर दिसत होती. काळ्यात पांढरा मिसळून केलेला तो साधा करडा रंग आहे हे मला ठाऊक होते, पण डोळे ते मानायला तयार नव्हते. या कोड्याचे उत्तर शोधता शोधता मला अमेरिकन चित्रकार जेम्स गर्नी यांचे लेखन सापडले, आणि कोणत्याही नियतकालिकाच्या आधाराविना कलेविषयी इंटरनेटवर लिहिणाऱ्या माणसांच्या गोतावळ्याशी माझी ओळख झाली.

गर्नी न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीच्या खोऱ्यात राहतात. माणसे आणि डायनोसॉर एकत्र नांदतात अशा कल्पित बेटाच्या सचित्र पुस्तकामुळे १९९२ पासून त्यांचे नाव सर्वदूर झाले. २००७ मध्ये त्यांनी इंटरनेटवर लिहायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे जवळजवळ रोज एक टिपण लिहिले. कोणी कधी न पाहिलेल्या प्राण्याच्या पाठीवर ऊन कसे पडेल हे कळावे म्हणून ते आधी त्याची छोटी प्रतिकृती घडवतात, ती प्रकाशात ठेवून न्याहाळतात आणि मगच कुंचला हाती घेतात. ही सारी खटपट ते छायाचित्रांसह वाचकापुढे मांडतात.

माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी ज्याला गॅमट मास्क म्हटले आहे त्यात होते. रंगचक्राच्या परिघावर तेजस्वी रंग असतात, आत जावे तसे ते मंद होत जातात आणि केंद्रात करडा उरतो. एका पुठ्ठ्यात त्रिकोण कापून तो या चक्रावर ठेवायचा आणि त्या खिडकीतून दिसतील तेवढेच रंग चित्रात वापरायचे. मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात ब्लेडने असा त्रिकोण कापला आणि तो लाल-पिवळ्याच्या बाजूला सरकवला, तेव्हा सगळे लख्ख कळले. माझ्या चित्रातले रंग त्या बाजूला सरकल्यामुळे चित्राचा मध्यही सरकला होता. चक्राच्या केंद्रातला करडा आता त्रिकोणाच्या अगदी थंड टोकाला आला होता, आणि आजूबाजूच्या उबदार रंगांच्या तुलनेत डोळा त्यालाच निळा समजत होता.

एका करड्या रंगासाठी इतकी जागा कोणत्या संपादकाने दिली असती, असे मला वाटते. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याला विषय लहान आहे म्हणून थांबावे लागत नाही, आणि वर्षानुवर्षे त्याच विषयाकडे परत येण्याची मुभाही त्याला असते. शिवाय गर्नी आपण कोणाकडून काय शिकलो हे आवर्जून सांगतात. त्यांनी कृतज्ञतेने घेतलेली नावे मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवू लागलो. चांगले लेखक सापडण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला अजून मिळालेला नाही.

मारिया पोपोव्हा यांचे नाव मात्र एका मैत्रिणीने सुचवले. जन्माने बल्गेरियन असलेल्या पोपोव्हा यांनी २००६ मध्ये अमेरिकेत आपल्या सात सहकाऱ्यांना दर आठवड्याला ईमेलने वाचनाविषयी काही पाठवण्यापासून सुरुवात केली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांचे लेखन आपल्या संग्रहात घेतले, आणि २०२१ मध्ये त्याला त्यांनी ‘द मार्जिनॅलियन’, म्हणजे समासात टिपणे लिहिणारी, असे नाव दिले. त्यांची वाक्ये कधी कधी फार अलंकृत होतात, परंतु जाहिराती न घेता मुख्यतः वाचकांच्या देणग्यांवर इतकी वर्षे हे काम चालवणे मला मनापासून मोठे वाटते. जपानमध्ये राहणारे क्रेग मॉड यांनीही २०१९ पासून सभासदांच्या वर्गणीवर आपले लेखन उभे केले आहे. नाकासेन्दो या जुन्या मार्गाने पायी जाताना लागणाऱ्या लहान कॉफीगृहांवर आणि तिथल्या पिझ्झा टोस्टवर त्यांनी ज्या मायेने लिहिले आहे, ते वाचताना नीट पाहणे हीच निम्मी कला आहे असे वाटते.

मराठीत चित्रकार सतीश नाईक यांचे ‘चिन्ह’ आहे. अंकाच्या रूपात सुरू झालेले हे काम पुढे इंटरनेटवरही आले, आणि वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या मितभाषी चित्रकाराविषयी मराठीत आज जे सविस्तर वाचायला मिळते त्यात ‘चिन्ह’चा वाटा मोठा आहे. मला आस आहे ती हाताच्या कामाविषयीच्या मराठी लेखनाची: कागद किती ओला असताना रंग सोडावा, बेसॉल्टचा काळा कसा मिसळावा, हे कामात मुरलेल्या माणसाने आपल्या भाषेत लिहिलेले वाचायला मिळावे.

गेल्या महिन्यात पुन्हा मेणवलीला गेलो, या वेळी पहाटे. पुठ्ठ्यातला त्रिकोण निळ्याकडे सरकवून रंग ठरवले आणि पायऱ्यांच्या सावलीसाठी तोच काळा-पांढरा मिसळून करडा केला. नदीवरच्या निळसर धुक्याशेजारी तो कागदावर लावला, तेव्हा तो तांबूस दिसला.