जुन्या गाडीची तेलगळती: आधी शोध, मग पाना

जुन्या गाडीच्या इंजिनातून तेल गळू लागले की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो सील बदलून टाकण्याचा. कोणते सील, आणि तेच का, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. माझ्या मते या कामातील अधिक वेळ शोधण्यात गेला पाहिजे, कारण तेल जिथून जमिनीवर ठिबकते तिथूनच ते इंजिनाबाहेर पडलेले असते असे नाही. वर निसटलेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळते, गाडी धावत असताना समोरचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि शेवटी ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या, एखाद्या बोल्टच्या टोकाशी गोळा होते. थेंब तिथे दिसतो म्हणून दोष चेंबरच्या पॅकिंगला, म्हणजे जोडात बसवलेल्या पट्टीला, दिला जातो.

ऐरोलीतील आमच्या सोसायटीत उभी असलेली १९९८ सालची पेट्रोल गाडी याच प्रकारची होती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरून तेल ठिबकत होते, त्यावरून क्रँकचे, म्हणजे इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे ऑइल सील गेले असे अनुमान गॅरेजमध्ये काढण्यात आले. या सीलची किंमत किरकोळ असते. पण तिथवर पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो, आणि खरा खर्च होतो तो मजुरीचा. म्हणून ते काम मी थांबवले आणि आधी इंजिन स्वच्छ करायला घेतले.

त्यापूर्वी गळते ते इंजिन ऑइलच आहे, याची खात्री करून घ्यावी. रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवला की पुरते. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळे असते, गिअर ऑइल घट्ट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, कूलंट हिरवट वा लालसर दिसते. एसीच्या गाडीखाली साचते ते निव्वळ पाणी असते; आपल्याकडील दमट हवेत ते इतके पडते की नवखा माणूस उगाच घाबरतो.

इंजिन पूर्ण थंड असताना डिस्ट्रिब्यूटर, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्यावे आणि डीग्रीझर लावून ब्रशने जुना चिकटा काढावा. या कामासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. अंग कोरडे झाले की संशयाच्या प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर भुरभुरावी, इंजिन तापेपर्यंत गाडी चालवावी, आणि नंतर टॉर्च व छोटा आरसा घेऊन सर्वांत वरची ओली रेघ शोधावी. खालचा ओलावा कितीही मोठा असला तरी महत्त्व त्या वरच्या रेघेचे असते. गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर शिरू नये. पक्के स्टँड लावूनच शिरावे.

आमच्या गाडीत पावडर भिजली ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात. तेथून तेल हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, पाठीवरून थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत उतरत होते. कव्हर उघडले तेव्हा रबरी पॅकिंग उष्णतेने इतके कडक झालेले होते की वाकवताच त्याचे तुकडे पडले.

येथे काम संपले असे मानणे सोपे होते. पण पॅकिंग जुने झाल्यानेच तेल बाहेर आले, की आतून कोणी त्याला ढकलत होते, हा प्रश्न उरतोच. पिस्टनच्या रिंगांना चुकवून ज्वलनाचे थोडे वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, सतत उतरत असतात आणि ब्रीदर नावाच्या नळीच्या मार्गाने ते पुन्हा इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेकडे, ओढले जाणे अपेक्षित असते. हा मार्ग तुंबला की आत दाब वाढतो आणि जो जोड सर्वांत दुबळा असेल तिथून तेल बाहेर पडते. गाडी ऐरोलीतल्या ऐरोलीत, फार तर रबाळे-घणसोलीपर्यंत फिरत असेल तर इंजिन पुरते तापत नाही, आतील वाफ तेलात मिसळून गाळ तयार होतो आणि तो नेमका ब्रीदरच्या नळीत बसतो. आमची नळी अशीच भरलेली निघाली. ती साफ न करता नवे पॅकिंग बसवले असते, तर काही काळाने दुसऱ्या एखाद्या सीलमधून गळती सुरू झाली असती, आणि दोष नव्या पॅकिंगच्या माथी आला असता. त्यामुळे ब्रीदर तपासल्याशिवाय कोणतेही सील बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. नळी मोकळी असूनही तेलाचे झाकण उघडताच धूर जोराने फुसफुसत असेल, तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा.

पॅकिंग बसवताना दोन्ही पृष्ठभाग अगदी स्वच्छ हवेत. ॲल्युमिनिअमच्या हेडवर धारदार पाते चालवले तर ओरखडा पडतो आणि तीच पुढची गळती ठरते. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकेच, म्हणजे पिळाच्या ठरलेल्या जोराइतकेच, आवळावेत, कारण जास्त जोराने पत्र्याचे कव्हर वाकते. सिलिकॉनचा सढळ वापर मला मुळीच पटत नाही. आत दबलेला त्याचा तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तर थेंबभर तेल वाचवताना संपूर्ण इंजिन गमवावे लागते. गळती थांबवणारी बाटलीतली औषधे रबर फुगवून काही काळ उपयोगी पडतात, मात्र तुटलेले पॅकिंग त्यांनी जुळत नाही.

आवारात पडलेले तेल पहिल्याच पावसात नाल्यात आणि तेथून खाडीत जाते. २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या ठाणे खाडीच्या काठी आपण राहतो, याची मला या कामात सतत आठवण होती. काढलेले जुने तेल गटारात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे तेल देणाऱ्या गॅरेजकडेच सोपवावे.

क्रँकचे मागचे सील खरोखरच पाझरत असले, तरी डिपस्टिकवरची (तेल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी टिकून असेल आणि क्लच घसरत नसेल, तर खाली ट्रे ठेवून ते काम क्लच बदलण्याच्या वेळेपर्यंत लांबवण्यास हरकत नाही. पुढचे क्रँक सील किंवा कॅम सील (झडपा हलवणाऱ्या दांड्याचे सील) यांच्या बाबतीत मात्र थांबू नये, कारण तेथील तेल या दोन्ही दांड्यांना जोडणाऱ्या टायमिंग बेल्टवर गेले तर बेल्टचे रबर खराब होते आणि बेल्ट भर रस्त्यात तुटू शकतो. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडणाऱ्या तेलालाही हाच नियम लागू आहे. तेथे आगीचा धोका असल्याने ती गाडी दुरुस्तीपर्यंत उभीच ठेवावी.