हो, अजूनही तिथेच जाते

हो, जाते. अजूनही. शनिवारी सकाळी आठच्या आत, कारण नंतर बार्बाकोआसाठी, म्हणजे मंद आचेवर शिजवलेल्या मांसासाठी, रांग दाराबाहेर जाते. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, बहुतेक जेवणाच्या रांगेतच, कोणीतरी जवळ सरकून विचारतं, "एवढं झाल्यावरही तू त्या टाकोवाल्या बाईकडे जातेस?" आणि मग आवाज आणखी खाली आणून, "आईंना सांगितलंस का गं?" सारखं सारखं बोलायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहिते.

जागेबद्दल तुम्ही नाक मुरडता त्याचं आधी. टायरच्या दुकानाला लागून असलेली टपरी म्हणता, तर आहेच ती टपरी. पाच टेबलं, थर्मोकोलच्या कपात कॉफी, भिंतीवर ग्वादालुपेची, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मेरीमातेची, तसबीर. ऑस्टिनमध्ये याहून देखणी ठिकाणं आहेत. तिथे हाच टाको, म्हणजे पोळीत भरलेलं सारण, दुप्पट पैशांत चिनी मातीच्या बशीतून येतो. मला नकोय तो. पहाटे रंगारी, गवंडी, छपरं घालणारे लोक कामावर जाताना जिथे थांबतात तिथलंच खावं, एवढी अक्कल मी एसटी स्टँडबाहेरच्या मिसळीवर कमावलेली आहे.

(ब्रेकफास्ट टाको ऑस्टिनचा की सॅन अँटोनियोचा, यावर २०१६ मध्ये इतकी जुंपली की शेवटी दोन्ही महापौरांनी, शहरांना जोडणाऱ्या महामार्गाच्या नावाने, 'आय-३५ करार' नावाचा तह केला. मी तेव्हा नवीनच आले होते आणि हिरिरीने ऑस्टिनच्या बाजूने भांडले. आता नाही भांडणार. दक्षिण टेक्सासच्या तेहानो, म्हणजे मूळच्या मेक्सिकन, घरांत हा साधा घरचा नाश्ता होता, ऑस्टिनने त्याचा गाजावाजा केला.)

आता मूळ मुद्दा. मी विचारलं होतं. हे कोणी लक्षातच घेत नाही. पहिल्याच महिन्यात, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, बीन्समध्ये कार्ने, म्हणजे मांस, आहे का, असं सेन्योराला, त्या टाकोवाल्या बाईला, विचारलं होतं. ती हसून म्हणाली, "नो, मिहा. कार्ने नाही, नुसता मांतेका." मिहा म्हणजे बाळा, पोरी. ते ऐकूनच मी अर्धी विरघळले. तरी ऑफिसात अर्जेंटिनाच्या सहकाऱ्याला विचारलं, मांतेका म्हणजे काय रे? तो म्हणाला, लोणी.

तो खोटं बोलला नाही. अर्जेंटिनात मांतेका म्हणजे लोणीच. मेक्सिकोत मात्र लोण्याला मांतेकिया म्हणतात, आणि मांतेका म्हणजे डुकराची चरबी.

तीन वर्षं मी आठवड्यातून दोनदा फ्रिहोल कोन पापा खाल्लं. घोटलेले पिंटो बीन्स, बटाटा, वर हिरवा साल्सा. "माईस ओ अरीना?" म्हणजे तोर्तिया, टाकोची पोळी, मक्याची की गव्हाची, असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, अरीना. २०१९ च्या उन्हाळ्यात आई आली. आई माळकरी. अंडं घातलेला केकसुद्धा न खाणारी. दिवसभर बंद घरात बसून ती कोमेजत चालली होती, म्हणून एका शनिवारी तिला तिथे घेऊन गेले. आत शिरताच तिने ग्वादालुपेला नमस्कार केला. सेन्योराने आईची तुळशीची माळ पाहिली, जपमाळ समजली, आणि छातीवर क्रूस काढला. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. तिसऱ्या शनिवारी आई काउंटरच्या आत होती, हातात सेन्योराचं आखूड, मुठी नसलेलं लाटणं. एक तोर्तिया लाटली, कॉमालवर टाकली. कॉमाल म्हणजे तवाच. तोर्तिया टम्म फुगली आणि सगळ्या दुकानाने टाळ्या वाजवल्या.

मग आईने कणकेचा गोळा बोटांनी दाबून पाहिला. "किती मऊ आहे गं. मोहन कशाचं घालते ही?"

मी म्हणाले, लोण्याचं.

आईने त्या सहा महिन्यांत किती खाल्ले ते मी मोजलेलं नाही. म्हणजे मोजलंय, पण सांगणार नाही.

ती परत गेली. पुढच्या फेब्रुवारीत मी रांगेत उभी होते. पुढच्या मुलाने इंग्रजीत विचारलं, बीन्स व्हेज आहेत का? गल्ल्यावरची मुलगी सहज म्हणाली, नाही, चरबी असते, गव्हाच्या तोर्तियातही. मी तिथेच फोनवर शब्द शोधला. मग सेन्योराकडे गेले आणि सगळ्यांसमोर ओरडले. ती गोंधळून एवढंच म्हणाली, "ते दिहे, मिहा." मी तुला सांगितलं होतं.

सांगितलं होतं तिने. गाडीत बसून मी तासभर रडले, आणि त्यातलं निम्मं रडणं तिच्यावर ओरडले म्हणून होतं.

कित्येक महिने गेले नाही. त्या काळात स्वतःची समजूत घालायला भरपूर वाचलं. स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोत पाळीव डुकरंच नव्हती, बीन्स नुसते शिजवून खात. म्हणजे माझा शाकाहारी टाकोच मूळचा, असा माझा युक्तिवाद. पण गहूही स्पॅनिशांनीच आणला. चरबी परकी म्हणून काढायची तर माझी लाडकी अरीनाही जाते. उरतो मका, चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला.

आता मी माईस घेते. त्यात मका, चुना, पाणी, बस्स. सेन्योरा शनिवारी एक छोटं पातेलं तेलातल्या बीन्सचं ठेवते, माझ्यासाठी आणि आणखी दोघातिघांसाठी. आणि खरं सांगू? ते तितके चांगले लागत नाहीत. हे लिहिताना लाज वाटते, पण जिभेला ते आधीचेच आठवतात. शिवाय तवा तोच आहे, उलथनं तेच आहे. मला दिसतं ते.

मग कशाला जातेस, म्हणाल. दुसरीकडे जाऊन पाहिलं. कोणी मिहा म्हणत नाही. हे काही उत्तर नव्हे, कळतं मला.

आणि आईचं. तुमच्यातले निम्मे म्हणता, सांगून टाक, नकळत घडलं त्याचा दोष लागत नाही. मलाही तसंच वाटतं, रात्री अकरा वाजता. सकाळी वाटतं, ती माळ उतरवून ठेवेल, वारीला जाणार नाही, आणि मला एक शब्दही बोलणार नाही. उरलेले निम्मे म्हणता, अजिबात सांगू नकोस. त्यांचं ऐकणं फार सोपं आहे, म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

गेल्या रविवारी फोनवर आई म्हणाली, "त्या बाईला माझा नमस्कार सांग. अजून तश्शाच मऊ करते का गं पोळ्या?"

मी म्हणाले, हो, तश्शाच.