पुढची नंबरप्लेट

२९ मार्च, रात्री

इथला वसंत पिवळा असतो हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पाइनच्या झाडांचे पराग इतके झडतात की सकाळी गाडी बघून वाटतं, रात्री कुणीतरी बॉनेटवर बेसन चाळून गेलंय. पुसलं की दुपारपर्यंत पुन्हा तेवढंच.

त्या पिवळ्या गाडीपुढं उकिडवा बसून आज नवऱ्यानं न्यू जर्सीची प्लेट काढली. एक स्क्रू गंजला होता, त्यानं अर्धा तास खाल्ला. नॉर्थ कॅरोलायनात प्लेट फक्त मागं लागते, पुढची जागा रिकामीच. जुन्या दोन्ही प्लेट्स न्यू जर्सीला परत पाठवायच्या असतात, म्हणून त्या वर्तमानपत्रात गुंडाळून लिफाफ्यात घातल्या. नवरा म्हणाला, "एकोणीस वर्षं." मी म्हटलं, "पत्ता नीट लिही." नंतर वाटलं, जरा बरं बोलायला हवं होतं.

पण माझीही चिडचिड होती. लेक आणि मी जुलैत इथं, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात आलो. नव्या रहिवाशाला लायसन्ससाठी साठ दिवस मिळतात, मी ते ऑगस्टमध्येच करून टाकलं. नवरा मात्र घर विकेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत तिकडंच. आणि इथं लेकीच्या कॉलेजला इन-स्टेट ट्युइशन, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठीची कमी फी, हवी तर निदान बारा महिने या राज्याचे रहिवासी असावं लागतं. नुसतं राहून भागत नाही, इथंच कायमचं राहायचा हेतूही दाखवावा लागतो. हेतू! तो कागदावर कसा दाखवायचा? तर लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदार नोंदणी, घराचा करार, टॅक्स रिटर्न. अर्जाआधी आरडीएस नावाच्या ऑनलाइन सेवेत हे सगळं भरायचं, मग एक नंबर मिळतो, तो कॉलेजच्या अर्जात घालायचा. चॅपेल हिलचा, म्हणजे यूएनसी या इथल्या सरकारी विद्यापीठाच्या मुख्य कॅम्पसचा, लवकरचा अर्ज १५ ऑक्टोबरला बंद होतो. लेक अकरावीत आहे, कॉलेज पुढच्या वर्षीच्या ऑगस्टला. हिशेबानं वेळ भरपूर आहे. तरी दारात न्यू जर्सीची गाडी उभी असली की मला घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

कारण फरक थोडाथोडका नाही. चॅपेल हिलला इथल्या मुलांची ट्युइशन वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास, बाहेरच्यांची चाळीस हजारांच्या पुढे. तिकडं रटगर्सला, न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, इन-स्टेट असूनही ट्युइशन आणि फी मिळून सतरा हजारांहून जास्त पडली असती. शिवाय यूएनसीच्या विद्यापीठांत इथल्या मुलांची ट्युइशन सलग आठ सेमिस्टर वाढत नाही. नोकरीची ऑफर आली तेव्हा पगारापेक्षा आधी हेच आकडे मी वहीत लिहिले होते. लेकीला ते तेव्हा सांगितलं नाही. अकरावीच्या तोंडावर शाळा बदलायला लावायची आणि वर "तुझ्याच भल्यासाठी" म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघेना.

आल्या आल्या फजितीही झाली. पहिल्या आठवड्यात पंपावर गाडी लावून मी काच खाली करून बसले. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानंच बंदी, त्यामुळं इतक्या वर्षांत नळी हातात धरलेली नव्हती. पाच मिनिटं गेली, कुणी येईना. शेवटी लेक उतरली, फोनवर व्हिडिओ बघून तिनं भरलं. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा, आणि तेही मला.

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडची, तिथल्या देशी बाजाराची, आठवण मात्र जात नाही. तिथं एका फेरीत ढोकळ्यापासून ब्लाउजच्या अस्तरापर्यंत सगळं व्हायचं. इथंही देशी दुकानं आहेत, मोठं बालाजी मंदिर आहे, उपाशी कुणी मरत नाही. पण मी अजून पुष्कळदा फोनला रस्ता विचारून जाते.

लेकीचं काय चाललंय ते तिच्या शाळेमुळं कळतं. इथं बारावी पास व्हायला इकॉनॉमिक्स आणि पर्सनल फायनान्स हा विषय लागतोच. त्यात चक्रवाढ व्याज शिकून आली आणि जेवताना आमची गाडीच्या कर्जावर उलटतपासणी सुरू. या सेमिस्टरला ती वेक टेकमध्ये, म्हणजे इथल्या कम्युनिटी कॉलेजात, इंग्रजीचा एक कोर्सही करतेय. हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे असे कोर्स राज्याच्या योजनेतून मिळतात, ट्युइशन पूर्ण माफ.

तर गेल्या रविवारी ती वही घेऊन समोर बसली. "आई, कम्युनिटी कॉलेज शहात्तर डॉलर क्रेडिट. तीस क्रेडिट म्हणजे वर्षाला दोन हजार दोनशे ऐंशी. दोन वर्षं घरून करते, मग यूएनसीच्या कुठल्यातरी कॅम्पसला तिसऱ्या वर्षात." कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतली की क्रेडिट्स पुढं धरायचा करार राज्यभर आहे, हे तिला माझ्याआधी माहीत. मी म्हटलं, इन-स्टेट मिळाल्यावर चॅपेल हिल स्वस्तच आहे की. ती म्हणाली, "हॉस्टेल आणि जेवण बघितलंस? ट्युइशनपेक्षा जास्त आहे." मी खरंच बघितलं नव्हतं. आठ महिने रहिवासी रहिवासी करत ट्युइशनच्याच रकान्यात अडकले होते.

मला आनंद व्हायला हवा होता, पण पोटात काहीतरी आक्रसलं. खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो मैत्रिणींच्या ग्रुपचा. अमक्याचा मुलगा कुठं, तमकीची मुलगी कुठं, आणि आमची? रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे ज्युनिअर कॉलेजच की. अकरावी परत का करतेय ती?" त्यांना समजावताना ती योजना माझ्याच तोंडून फार शहाणी वाटू लागली. नवऱ्याला अजून पटलेली नाही. तो म्हणतो, चार वर्षांचं कॉलेज-जीवन एकदाच येतं, त्यासाठीच तर इथं आलो. मी दोघांच्या मध्ये आहे. शरद ऋतूत दोन्हीकडं अर्ज करायचे, एवढं तूर्त ठरलंय. चॅपेल हिलला प्रवेश मिळाला तर मात्र ही वही ती पुन्हा उघडेल का, हे मला तिच्या डोळ्यात बघूनच कळेल.

लिफाफ्यावर पत्ता शेवटी मीच घातला. प्लेट निघाली तिथं बंपरवर एक स्वच्छ चौकोन उरला होता, कडेला स्क्रूची भोकं. लेक म्हणाली, रंग नवाच दिसतोय गं तिथला. मघाशी कचरा टाकायला गेले तेव्हा टॉर्च मारून बघितलं. चौकोनावरही पिवळं बसायला लागलं होतं.