'पिण्यास योग्य' शिक्क्यानंतरची दुसरी तपासणी

पैठण तालुक्यात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्याला आमचं शेत टेकतं. जानेवारीत एका सकाळी नाल्याच्या तोंडाशी चिलापी मासे पोटं वर करून पडलेले दिसले. दोन दिवसांनी त्याच काठावर दोन शेकाटे पक्षी मरून पडले होते. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे आमचे भोईकाका म्हणाले, "पाणी तपासून घे बाबा. लेकरं तुझ्याच बोअरचं पाणी पितात."

नाला बोअरपासून दीडशे पावलांवर. मी दुकानातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरला आणि प्रयोगशाळेत देऊन आलो. आठ दिवसांनी अहवाल आला. सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, सगळं मर्यादेत. शेरा : पिण्यास योग्य. घरातले निर्धास्त झाले, मीसुद्धा झालो. रात्री कागद पुन्हा हातात घेतला तेव्हा लक्षात आलं की त्यात शिसं नाही, कॅडमियम नाही, पारा नाही. ते तपासलेलेच नव्हते. नेहमीच्या तपासणीत जड धातू येत नाहीत, ते नावं घेऊन मागावे लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी फोनवर सगळं नीट समजावलं. तिथून आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मिळाल्या. नमुना भरल्यावर त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, सामू २ च्या खाली आणायचा. नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि पाण्यात कमी दिसतात. म्हणजे माझ्या पहिल्या बाटलीत धातू तपासले असते तरी त्या आकड्यांवर भरवसा ठेवता आला नसता. बोअर दहा मिनिटं चालवून मग पाणी घ्यायचं, कारण पाइपात रात्रभर साचलेल्या पाण्यात नळाच्या पितळेतलं शिसंही उतरू शकतं. पैसे दर धातूमागे लागतात, म्हणून शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक आणि पारा एवढेच निवडले. एक नमुना बोअरचा, एक नाल्याचा.

बोअरमध्ये शिसं लिटरमागे ०.०१८ मिलिग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात मर्यादा ०.०१ आहे. बाकी धातू मर्यादेत होते. नाल्याच्या पाण्यात शिसं याहून जास्त होतं. आकडा छोटा दिसतो, पण शिसं लहान लेकरांच्या मेंदूलाच सगळ्यात जास्त बाधतं, आणि आमच्या घरात धाकटी तीन वर्षांची आहे. आई पाणी उकळून द्यायला लागली होती, ते थांबवलं. उकळून धातू जात नाहीत. पाणी आटतं तसे उलट वाढतात. आता पिण्याचं पाणी गावच्या टाकीवरून आणतो. तेही धातूंसाठी तपासून घेतलं, ते ठीक आहे.

पक्ष्यांचं मात्र राहून गेलं, आणि ते मला अजून खुपतं. पशुवैद्य म्हणाले, धातूंसाठी यकृत आणि मूत्रपिंड लागतं, तेही ताजं, बर्फात ठेवलेलं. मी विचारायला गेलो तोवर कुत्र्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्यामुळे ते शेकाटे कशाने मेले हे मी सांगू शकत नाही, आणि मासे का मेले तेही नाही. एवढं खरं की धातू तळाच्या गाळात बसतात आणि शेकाटे दिवसभर त्याच चिखलात चोच घालून किडे वेचतात. पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतं सांगतो. गाळात वर्षानुवर्षांचं साठून राहतं. मी गाळ घ्यायला हवा होता.

दोन्ही अहवाल जोडून संबंधित कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. महिनाभर काहीच हललं नाही. मग १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं की माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली. उत्तराची मुदत ३० दिवसांची. सव्विसाव्या दिवशी अधिकारी नाल्यावर आले. मी आग्रह धरला म्हणून पाण्याबरोबर गाळही घेतला, पंचनाम्यावर भोईकाकांची सही आहे.

तो अहवाल यायचा आहे. नमुना क्रमांक मी लिहून ठेवलाय, दर सोमवारी फोन करतो. वनविभागाचा १९२६ क्रमांक भोईकाकांच्या मोबाइलमध्येही घालून दिलाय. पक्षी पडलेला दिसला की हात न लावता आधी तिथं कळवायचं, आणि ते येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवायचं.