तुम्ही विचारलंत म्हणून: सिरियाकची ती दोन टिंबं गेली कुठे?

फॉन्टची कामं करतो, त्यात अधूनमधून सिरियाकही (पश्चिम आशियातली एक जुनी भाषा आणि तिची लिपी) असतं, आणि दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच की युनिकोडचा, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीचा, सिरियाकचा अख्खा तक्ता पालथा घातला, पण सीयामे काही सापडत नाही, विसरले का ते लोक?

विसरले नाहीत हो. सीयामे म्हणजे शब्दावर शेजारी शेजारी दिलेली दोन टिंबं, अनेकवचनाची खूण. मल्का म्हणजे राजा, मल्के म्हणजे राजे, पण लिहिताना दोन्हीची अक्षरं तीच, टिंबं राहिली की सगळे राजे गायब आणि एकटाच उरतो. इतकी महत्त्वाची खूण, आणि १९९९ला युनिकोड ३.० मध्ये सिरियाक आलं तेव्हा तिला वेगळा नंबर दिलाच नाही. कारण साधं आहे, अक्षरावर दोन टिंबं द्यायचं चिन्ह आधीच होतं, ०३०८, जर्मन लोक यू वर देतात ना तेच, तेच वापरा म्हटले. आपला दंड नाही का, बसलाय देवनागरीच्या तक्त्यात पण बंगालीवालेही तोच वापरतात. मला तरी हे पटतं.

न पटणारी गोष्ट वेगळीच आहे. पथाहा, म्हणजे ऱ्हस्व 'अ'ची खूण, तिला मात्र तीन नंबर! ०७३० अक्षराच्या वर, ०७३१ खाली, ०७३२ टिंबांची. टिंबांची पूर्वेकडची पद्धत, ती दिसायलाच वेगळी, ठीक आहे. पण पश्चिमेकडची खूण जागा असेल तशी वर नाहीतर खाली देतात, उच्चार तोच, आणि कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, मग शोधताना एक सापडतो नि दुसरा राहतो. इथे हात सैल आणि तिथे काटकसर, असं का ते मला विचारू नका.

खरी गंमत रीशची. रीश (र) आणि दालथ (द) ही अक्षरं एकाच अंगाची, रीशला टिंब वर, दालथला खाली, एवढाच फरक. आता रीशवर सीयामे आली की तिच्यातच रीशचं टिंब मुरतं, एकूण दोनच दिसायला हवीत. हे काम फॉन्टचं, रीश आणि ०३०८ एकत्र दिसले की जोडरूप दाखवायचं. फॉन्टमध्ये ते नसेल तर तीन टिंबं दिसतात.

मला पहिल्यांदा 'तूरे' (डोंगर, अनेकवचन) या शब्दावर तीन दिसली आणि मी काय शहाणपणा केला, तर ०७१६ नावाचं बिनटिंबाचं अक्षर आहे ते रीशच्या जागी घालून त्यावर ०३०८ दिलं, दिसायला एकदम झकास, क्लायंट खूश. पण ते अक्षर आहे जुन्या मजकुरांसाठी, जिथे दालथ की रीश हे टिंबांनी दाखवलेलंच नाही. म्हणजे दिसत होते डोंगर, पण फाइलमध्ये त्यांच्या नावातलं र कुठेच नव्हतं, सर्च केलं की शून्य.

तर अक्षर टाइप करा, लगेच पुढे ०३०८, आणि तीन टिंबं दिसली तर मजकुराला हात न लावता फॉन्ट बदला. माझ्या त्या फाइलमधले डोंगर मी अजून एकेक करून दुरुस्त करतोय.